कंपन्यांचीच कपाटं उघडी: तंबाखू उद्योगाच्या कागदपत्रांच्या मोफत संग्रहाचं परीक्षण

सिगारेट वाईट, हे सांगायला कागदांचा ढीग लागत नाही. पण विश्रामबागच्या कॉलेजातला पोरगा किंवा मिरजेतला मेडिकलचा विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतो: बनवणाऱ्यांना हे माहीत होतं का? कधीपासून? त्यांच्या प्रयोगशाळेत नेमकं काय दिसलं होतं? या प्रश्नांना "असं म्हणतात" हे उत्तर चालत नाही, तारीख आणि सही असलेला कागद समोर ठेवावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने चालवलेली 'इंडस्ट्री डॉक्युमेंट्स लायब्ररी' नेमके हे कागद फुकट दाखवते. तिच्यातला तंबाखूचा विभाग 'ट्रुथ टोबॅको इंडस्ट्री डॉक्युमेंट्स' या नावाने आहे, आणि त्यात १ कोटी ४० लाखांहून जास्त कागद आहेत. हे परीक्षण त्या विभागाचं. सांगली, मिरज, कुपवाड भागात 'तंबाखूमुक्त शाळा' उपक्रमाचं काम करणारे शिक्षक, आरोग्य कार्यकर्ते आणि पत्रकार यांच्या नजरेने ते लिहिलं आहे.

हे कागद कंपन्यांनी आपणहून दिलेले नाहीत. १९९४ मध्ये ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकी सिगारेट कंपनीच्या अंतर्गत कागदांची सुमारे ४,००० पानं एका खोक्यातून याच विद्यापीठाचे प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांच्याकडे पोचली. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने तंबाखू कंपन्यांवर भरलेल्या खटल्याचा निकाल तडजोडीने लागला, आणि त्याच वर्षी कंपन्यांचा ४६ राज्यांशी मोठा करार झाला. त्यातून कंपन्यांना कपाटं उघडावी लागली. २००२ मध्ये हा संग्रह सर्वांसाठी इंटरनेटवर सुरू झाला. म्हणजे इथे जे वाचायला मिळतं ते विरोधकांनी रंगवलेलं चित्र नाही, कंपनीच्या माणसाने कंपनीच्या माणसाला लिहिलेलं आहे. आमच्या लेखी या संग्रहाची सगळी किंमत यातच आहे.

आता वापराकडे. नवा माणूस पहिली चूक करतो ती शोधशब्दात. तो शोधाच्या चौकटीत इंग्रजीतून 'कॅन्सर' टाकतो. लाखांनी निकाल येतात, आणि वरची पानं चाळली की वर्तमानपत्रांची कात्रणं, जाहीर निवेदनं, वकिलांची पत्रं असलाच माल हाती लागतो. कंटाळून माणूस पान बंद करतो. यात दोष यंत्राचा नाही. प्रयोगशाळेतली माणसं 'कॅन्सर' हा शब्द टाळूनच लिहीत असत. बी.ए.टी. (ब्रिटिश अमेरिकन टोबॅको) कंपनीच्या १९५७ च्या एका अहवालात कॅन्सरसाठी 'झेफिर' (इंग्रजीत वाऱ्याची मंद झुळूक) हा सांकेतिक शब्द वापरला आहे. झेफिर आणि सिगारेट ओढणं यांच्यात कार्यकारण संबंध असल्याची कल्पना पाहण्यांमधून पुढे आली आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात येतं. सांकेतिक शब्द माहीत नसेल तर ते वाक्य वाऱ्याच्या झुळकीबद्दल आहे असं वाटेल. इतर ठिकाणी 'बायोलॉजिकल अॅक्टिव्हिटी' (जैविक क्रिया) असा गुळगुळीत शब्दप्रयोग भेटतो. तो कुठे आला की बाजूला उंदीर, लेप आणि गाठींचे आकडे आहेत का ते बघायचं.

म्हणून पहिला नियम: कंपनीच्या भाषेत शोधा. सांगलीच्या सौद्यात हळकुंड मोडल्याशिवाय आतला रंग कळत नाही, तसंच इथे आहे. आरोग्य खात्याचे शब्द घेऊन गेलात तर वरची सालच दिसेल. कामाचे शब्द पुढे देतो, शोधताना ते इंग्रजी अक्षरांतच टाकायचे. 'साइडस्ट्रीम' म्हणजे पेटलेल्या टोकाचा धूर, 'मेनस्ट्रीम' म्हणजे ओढणाऱ्याच्या तोंडात जाणारा धूर, 'कंडेन्सेट' म्हणजे धूर थंड करून गोळा केलेला चिकट राब. 'स्किन पेंटिंग' म्हणजे तो राब उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर लावणं. 'कॉम्पेन्सेशन' म्हणजे सौम्य सिगारेट मिळाली की माणूस जोरात आणि जास्त वेळा झुरके घेतो ती गोष्ट. 'ई.टी.एस.' म्हणजे दुसऱ्याच्या सिगारेटचा खोलीत पसरलेला धूर. 'हिप्पो' आणि 'जॅनस' ही बी.ए.टी.च्या संशोधन प्रकल्पांची नावं. दोन शब्दांचा शब्दप्रयोग असेल तर अवतरण चिन्हात टाका, नाहीतर दोन्ही शब्द सुटे धरले जातात आणि निकाल फुगतात. शब्द जोडणारे 'अँड', 'ऑर', 'नॉट' मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत लिहायचे.

निकाल आले की तीन गाळण्या लावा. आधी कंपनी निवडा. मग कागदाचा प्रकार निवडताना मेमो, पत्र आणि अहवाल ठेवा, कात्रणं आणि जाहिराती काढून टाका. शेवटी एकाच कागदाच्या दुबार प्रती लपवण्याचा पर्याय चालू करा. ही शेवटची पायरी विसरू नका. वेगवेगळ्या खटल्यांत वकिलांनी त्याच कागदांच्या पुन्हा पुन्हा झेरॉक्स काढल्या, त्यामुळे एकच मेमो कितीतरी वेळा येतो. अर्थात प्रती पूर्ण लपवूनही चालत नाही. मूळ कागद कोरा असतो आणि दुसऱ्या प्रतीच्या समासात एखाद्या साहेबाने हाताने शेरा मारलेला असतो, असं घडतं. महत्त्वाचा कागद सापडला की तेवढ्यापुरत्या सगळ्या प्रती उघडून समास बघा.

वर्षाची गाळणी मात्र जपून. ज्या कागदावर तारीखच नाही तो या गाळणीत अडकून बाहेर राहतो. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे संशोधन प्रमुख थॉमस ऑस्डीन यांचं हस्तलिखित टिपण. त्यावर तारीख नाही. त्यात लिहिलं आहे की सगळे कागद कोलोनला पाठवावेत आणि तिथेच ठेवावेत, फोन आणि टेलेक्स (तारेने जाणारे टंकलेले संदेश) चालतील पण ते नष्ट केले जातील, आणि महत्त्वाची पत्रं पाठवायचीच असतील तर घरी पाठवावीत, म्हणजे त्यांवर कारवाई करून ती नष्ट करता येतील. हाताने लिहिलेलं एक पान. टंकलेल्या कागदाची अक्षरं यंत्र वाचतं आणि त्यावर शोध चालतो, हस्ताक्षर मात्र त्याला नीट वाचता येत नाही. त्यामुळे टिपणातला एखादा शब्द टाकून ते सापडेलच याची खात्री धरू नका. लेखकाचं नाव टाकून शोधावं लागतं, आणि नावातही आडनाव आधी, आद्याक्षरं नंतर असा क्रम असतो.

कोलोनच का, हे कळल्यावर संग्रहाचा सगळ्यात भरीव भाग उघडतो. 'इनबिफो' ही जर्मनीतल्या कोलोन शहरातली संशोधन संस्था फिलिप मॉरिसने १९७१ मध्ये आपल्या स्विस उपकंपनीमार्फत विकत घेतली. प्रयोग तिथे व्हायचे, अमेरिकेतल्या कार्यालयात थेट अहवाल येत नसत. १९८० च्या दशकात तिथे पेटलेल्या टोकाच्या धुरावर प्राण्यांवरचे प्रयोग झाले. त्यांचे निकाल कंपनीने छापले नाहीत. २००५ मध्ये सुझॅन शिक आणि स्टँटन ग्लँट्झ यांनी याच संग्रहातले ते अहवाल वाचून शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष असा की श्वासातून घेतलेला ताजा साइडस्ट्रीम धूर, धुरातल्या कणांच्या प्रत्येक ग्रॅममागे, मेनस्ट्रीम धुरापेक्षा सुमारे चौपट विषारी ठरतो. त्वचेवर लावलेल्या राबाच्या बाबतीत गाठी करण्याची ताकद ग्रॅममागे दोन ते सहापट.

हा आकडा सांगताना एक काळजी घ्या. "शेजारी बसलेल्याला ओढणाऱ्यापेक्षा चौपट अपाय" असा अर्थ काढून तो फलकावर लिहिला जातो, आणि ते चूक आहे. शेजाऱ्याच्या छातीत जाणारा धूर हवेत मिसळून पातळ झालेला असतो, त्यामुळे कणांचं प्रमाण कमी असतं. तुलना एका ग्रॅमची एका ग्रॅमशी आहे. कारणही सांगता येतं: झुरका घेताना निखारा जास्त तापतो, दोन झुरक्यांच्या मधे तो कमी तापमानाला धुमसतो आणि ज्वलन अर्धवट होतं. चुलीत ओलं लाकूड धुमसताना डोळे जास्त चुरचुरतात, हे घराघरांत माहीत आहे.

जुन्या कागदांपैकी पहिल्या बैठकीत तीन वाचावेत. पण त्याआधी काळाचा सांधा लक्षात घ्या. डिसेंबर १९५३ मध्ये वाइंडर, ग्रॅहम आणि क्रोनिंजर या संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला: सिगारेटचा राब लावलेल्या ८१ उंदरांपैकी ३६ जणांना, म्हणजे ४४ टक्क्यांना, कॅन्सर झाला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात कंपन्यांचे प्रमुख जमले. ४ जानेवारी १९५४ ला अमेरिकेतल्या ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत 'फ्रँक स्टेटमेंट' ही पानभर जाहिरात आली. आमचा माल आरोग्याला अपायकारक नाही असं आम्ही मानतो, आणि संशोधनाला पैसा देऊ, असं तिच्यात म्हटलं होतं. हा पहिला कागद. दुसरा आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीतल्या क्लॉड टीग या रसायनशास्त्रज्ञाचा, १९५३ सालच्या फेब्रुवारीतला. त्याने कॅन्सरवरचं प्रसिद्ध साहित्य चाळून कंपनीला कळवलं होतं की जास्त आणि दीर्घकाळ धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध रुग्णांच्या अभ्यासांतून पक्का होताना दिसतो. जाहिरात त्यानंतरची आहे, आधीची नाही. तिसरा कागद १९५८ चा: बेंटली, फेल्टन आणि रीड या ब्रिटिश तंबाखू उद्योगाच्या तीन शास्त्रज्ञांचा अमेरिका-कॅनडा दौऱ्याचा अहवाल. एक अपवाद सोडला तर भेटलेल्या सगळ्यांना धूम्रपानाने फुप्फुसाचा कॅन्सर होतो असंच वाटतं, असं त्यात नोंदवलं आहे. भेटलेल्यांत उद्योगाच्या आतली माणसंही होती. हे तीन कागद एका टेबलावर शेजारी ठेवले की वर्गात फार बोलावं लागत नाही.

पुढे १९६३ चा ब्राउन अँड विल्यमसनच्या वकिलाचा, अॅडिसन येमन यांचा मेमो घ्यावा. निकोटीन व्यसन लावणारं आहे आणि आपण ते विकण्याच्या धंद्यात आहोत, असं त्यात सरळ लिहिलं आहे. १४ एप्रिल १९९४ ला सात कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर बसले आणि निकोटीन व्यसन लावत नाही असं आपलं मत असल्याचं प्रत्येकाने सांगितलं. मधे ३१ वर्षं गेली होती.

संशोधन थांबवल्याचे कागदही आहेत, आणि ते वाचताना खरोखर वाईट वाटतं. रेनॉल्ड्सची उंदरांवर काम करणारी प्रयोगशाळा, कामगारांच्या तोंडी 'माउस हाउस', १९७० मध्ये बंद झाली आणि २६ शास्त्रज्ञांना घरी पाठवलं. फिलिप मॉरिसमध्ये व्हिक्टर डीनोबल यांनी उंदीर निकोटीनसाठी स्वतःहून कळ दाबतात हे दाखवलं. त्यांची प्रयोगशाळा १९८४ च्या एप्रिलमध्ये बंद केली गेली. चांगली माणसं होती, प्रयोग चोख होते, आणि उत्तर नको असलेलं निघालं.

आता फिल्टरचं प्रकरण, कारण एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवर आजही "फिल्टरवाली आहे, एवढं काही होत नाही" हे ऐकू येतं. संग्रहात फिल्टरवर इतकं साहित्य आहे की एक अख्खा दिवस पुरणार नाही. टीगनेच १९५३ मध्ये सुचवलं होतं की फिल्टरमध्ये धुराने रंग बदलणारा पदार्थ घालावा. त्याने गाळण्यात फारसा फरक पडणार नाही, पण विक्रीला फायदा उघड आहे. १९६६ मध्ये फिलिप मॉरिसच्या जॉन्स्टन यांनी लिहिलं की गाळण्याचा आभास हा प्रत्यक्ष गाळण्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि केंट सिगारेटच्या 'मायक्रोनाइट' फिल्टरमध्ये १९५२ ते १९५६ या काळात क्रोसिडोलाइट, म्हणजे निळा अॅस्बेस्टॉस हे स्वतःच कॅन्सर करणारं खनिज होतं. तो फिल्टर विकला संरक्षण म्हणून.

हे कागद वाचताना एक सिगारेट उघडून बघावी. शाळेच्या आवारात नाही. तंबाखूमुक्त शाळेत तंबाखूचा पदार्थ आत येताच कामा नये, तेव्हा बाहेर करून फोटो दाखवा. ब्लेडने फिल्टरवरचा कागद उभा चिरा, उलगडा आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. तोंडाकडच्या टोकापासून साधारण १२ मिलिमीटरवर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची एक-दोन ओळींची माळ दिसली तर ती हवा घेणारा फिल्टर आहे. काहींना छिद्रं नसतात, तेव्हा न दिसल्यास घाबरून दुसरं पाकीट फोडू नका. फिल्टरचा पांढरा बोळा कापूस वाटतो, पण तो सेल्युलोज अॅसिटेटच्या बारीक धाग्यांचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा असतो. म्हणून कृष्णेच्या घाटावर पडलेली थोटकं पावसात नुसती मळतात, विरत नाहीत.

छिद्रांचं काम यंत्राला फसवणं कसं होतं ते असं. अमेरिकेत १९६७ पासून टार (धुरातला चिकट राब) आणि निकोटीन मोजायला यंत्र वापरलं गेलं: दर मिनिटाला एक झुरका, ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा. यंत्राच्या पकडीत छिद्रं उघडी राहतात, बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो, आकडा कमी येतो. माणसाचे ओठ आणि बोटं नेमकी त्याच १२ मिलिमीटरवर असतात, छिद्रं झाकली जातात. शिवाय शरीराला ठरलेलं निकोटीन हवं असतं, म्हणून झुरका मोठा होतो आणि खोल जातो. कॅनडाच्या आरोग्य खात्याने पुढे कडक पद्धत आणली: ५५ मिलिलिटर, दर ३० सेकंदांनी, छिद्रं पूर्ण बंद करून. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवले की 'लाइट' (सौम्य) नावाचा अर्थ उरत नाही. २००६ मध्ये अमेरिकी सरकारने तंबाखू कंपन्यांवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी १,६०० हून अधिक पानांच्या निकालपत्रात 'लाइट', 'लो टार' अशा शब्दांना मनाई केली, आणि या संग्रहातले असंख्य कागद त्या निकालात पुरावा म्हणून आले आहेत. निकालपत्र अनुक्रमणिकेसारखं वापरा. त्यातल्या कागदाचा नंबर घ्या आणि संग्रहात उघडा. नवशिक्याला याहून सोपी वाट नाही.

नंबरांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एक संग्रहाने दिलेला, चार अक्षरं आणि चार अंकांचा. दुसरा 'बेट्स नंबर', खटल्याच्या वेळी प्रत्येक पानाच्या कडेला मारलेला शिक्का. पत्रात "सोबत जोडले आहे" असतं आणि जोडपत्र दिसत नाही, तेव्हा बेट्स नंबरात एक-दोन पुढे-मागे जाऊन शोधा. कपाटातल्या फायलीत कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने शिक्के पडले, त्यामुळे हरवलेलं जोडपत्र बहुधा शेजारीच असतं. काही कागदांवर काळे पट्टे आहेत किंवा वकिली गोपनीयतेच्या नावाखाली मजकूरच नाही. तिथे वेळ घालवू नका.

उणिवा. सगळं इंग्रजीत आहे, आणि यंत्रभाषांतर इथे दगा देतं: 'स्किन पेंटिंग'चं रंगकाम होतं आणि 'कंट्रोल', म्हणजे राब न लावलेला तुलनेचा गट, याचं नियंत्रण होतं. वाक्य मराठी दिसतं, अर्थ उलटा लागतो. मोबाइलवर शोध चालतो, पण चाळीस पानांचा अहवाल आणि त्याच्या कडेचा अर्धवट शिक्का वाचायला संगणकच हवा. आपल्या दृष्टीने मोठी पोकळी विडीची. इथल्या कपाटांत अमेरिकी आणि ब्रिटिश सिगारेट कंपन्या आहेत. बी.ए.टी.च्या कागदांत भारताचे उल्लेख सापडतात, पण निपाणी-जयसिंगपूरच्या विडी तंबाखूचं, मिश्रीचं, मळून दाढेखाली धरलेल्या तंबाखूचं इथे काही मिळायचं नाही. खेड्यातल्या आजीला मिश्री सोडा म्हणून सांगताना या संग्रहाचा उपयोग नाही, हे आधीच ओळखावं. आणि ज्याला आजच सोडायची आहे त्याला कागद दाखवत बसू नका. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर लावून द्या.

छापून न्यायचं असेल तर थेट पान छापू नका, पीडीएफ उतरवून घ्या. जुन्या कार्बन प्रती करड्या असतात, झेरॉक्सवाल्याकडे नेहमीच्या सेटिंगवर त्या काळ्याकुट्ट येतात, तेव्हा त्याला शाई फिकी ठेवायला सांगा. पान कागदात मावेल असं लहान करून घ्या, नाहीतर कडेचा बेट्स नंबर कापला जातो, आणि नंबर नसलेला कागद वर्गात कुणी "हे खरं कशावरून?" विचारलं की कामाचा राहत नाही.